पंचमीचा विळा

शाळेच्या फाटकावर सार्थक हसत होता. वर्षाराणी एसटीतून उतरली, तोंडावरचा स्कार्फ सोडला, घाम पुसून वर पाहिलं, तर तिचा मेलेला भाऊ फ्लेक्सवरून तिच्याकडेच बघत होता. नववीच्या ओळखपत्रातला तोच फोटो, तेल लावून चापून बसवलेले केस, वरच्या ओठावर नुकती फुटलेली लव, आणि फोटो काढणाऱ्यानं काहीतरी थट्टा केली म्हणून आवरता न आलेलं हसू. त्याच्या खांद्याशी फणा काढलेला नाग छापला होता, कुणीतरी मोबाईलवरून उचललेला, भलताच चकचकीत. खाली ठळक अक्षरांत 'कै. सार्थक चंपत राऊत स्मृती सर्पदंश जनजागृती सप्ताह', आणि त्याखाली, सार्थकच्या नावाहून किंचित मोठ्या अक्षरांत, 'संकल्पना : मुख्याध्यापक शालिग्राम सर'. एसटी धूर सोडून किन्हीराजाकडे निघून गेली आणि वर्षाराणी धुरात तशीच उभी राहिली. ज्या माणसाला इतकी वर्षं मनातल्या मनात ओरबाडलं, तो या शाळेत आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वाशिमहून बदली होऊन मालेगाव तालुक्यात कुठेतरी गेला, एवढंच कानावर होतं. आणि तो तिथे जाऊन सार्थकच्या नावानं सप्ताह भरवतो, हे तर तिला स्वप्नातही सुचलं नसतं. कारण सार्थकला साप चावलाच नव्हता.

सार्थक आपल्या हातानं गेला होता. कसा, ते घरात आजवर कुणी मोठ्यानं उच्चारलेलं नाही, आणि वर्षाराणीनंही ते चित्र डोळ्यांपुढे कधी पुरं होऊ दिलं नाही. ती तेव्हा अकोल्याला कॉलेजात होती. घरी पोचली तोवर काय सांगायचं ते ठरून गेलं होतं. श्रावण चालू होता, मळ्याच्या धुऱ्यावर, बांधावर, गवत कमरेपर्यंत आलेलं, नागपंचमी तोंडावर. तिच्या वडिलांच्या, चंपतच्या, तोंडून पहिला शब्द निघाला तो 'पान लागलं'. त्यांच्याकडे अशा वेळी सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. जमलेल्यांनी माना डोलावल्या. कुणाला ते खरं वाटलं, कुणाला नाही, पण सगळ्यांनी मिळून ती गोष्ट पोराच्या अंगावर चादरीसारखी ओढली. चंपतनं ते पोराच्या नावासाठी केलं असणार, पोरीच्या लग्नासाठी केलं असणार. बापाला दोष द्यायला वर्षाराणीची जीभ कधी वळली नाही. पण खोटं एकदा घरात घेतलं की त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. नागपंचमीला काही चिरायचं नाही, कापायचं नाही, जमीन खणायची नाही, हे सगळेच पाळतात, वर्षातून एकदा. तिची आई बेबीबाई मात्र दर महिन्याच्या पंचमीला ते पाळू लागली. त्यांचा मळा वाशिमच्या वेशीबाहेर, मेथी, पालक आणि सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा. बाजाराला रोज पहाटे ताजा माल लागतो. पण पंचमी आली की मळ्यात विळा चालत नाही. मेथी हाताबाहेर जाते, पालक जून होतो, व्यापारी दुसऱ्या मळेवाल्यांकडे वळतात आणि चंपत धुऱ्यावर निमूट बसून राहतो. सापाचा कोप नको म्हणून. जो साप नव्हताच त्याचा! आणि बेबीबाईला ते ठाऊक आहे, गेलेल्या सार्थकला पहिल्यांदा पाहिलं ते तिनंच. तरी ती वारुळाशी दूध ठेवते, हात जोडते, डोळे मिटते, आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून वर्षाराणीला किंचाळावंसं वाटतं.

आणि शालिग्राम सरांनी काय केलं होतं? मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. सार्थक पहाटे बापाबरोबर मार्केटला जायचा, जुड्या उतरवायचा आणि तसाच शाळेत यायचा. बोटांना मेथीचा वास, नखांत माती, दुसऱ्या तासाला डोळे मिटायचे. सरांना त्यात गंमत दिसली. एकदा परिपाठाला, सगळी शाळा रांगेत उभी असताना, त्यांनी त्याला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "बाजारात कसा ओरडतो रे? ओरड बरं इथं." सार्थकनं मान खाली घातली. मग ओरडला. मेथी घ्या मेथी, ताजी मेथी. शाळा खदखदून हसली. तेव्हापासून सरांना लहर आली की हा खेळ व्हायचा. पोरं त्याला 'जुडी' म्हणू लागली, पोरींच्या घोळक्यावरून जाताना मागून कुणीतरी भाव विचारायचं. शेवटच्या वेळी सार्थक पुढे जाऊन उभा राहिला, तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. सर माईकवर म्हणाले, "आज माल संपला वाटते." पुन्हा सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सार्थक नव्हता. हे सगळं तिला सांगितलं त्याच्या वर्गातल्या पवननं, दहाव्याच्या दिवशी, घाटाच्या पायऱ्यांवर, आणि सांगताना तो रडत होता, कारण हसणाऱ्यांत तोही होता. पवनला तिनं तिथल्या तिथे माफ केलं. उरला तो राग सगळा तिनं एका जागी गोठवून ठेवला आणि त्याचं एक वाक्य केलं. सर, सार्थकला साप चावला नव्हता, तुम्ही चावलात. बस, एवढंच. हे वाक्य तिनं इतक्या वेळा मनात घासलं होतं की त्याला आता धार होती, मूठ होती. कधी ती ते त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात म्हणायची, गळ्यात हार आणि हातात नारळ असताना. कधी त्यांच्या पोरीच्या लग्नात, मुठीतल्या अक्षता खाली टाकून. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा आधी फिका पडायचा, मग सुटायचा, मग वितळायचा, आणि प्रत्येक वेळी वर्षाराणीला गाढ झोप लागायची.

मुलांशी बोलायचं हे काम तिनं धरलं त्यामागेही तेच वाक्य होतं, हे ती कुणाला सांगत नसे. नागपूरच्या एका संस्थेचं संशोधन होतं. शाळाशाळांत जाऊन नववी-दहावीच्या पोरापोरींशी एकेकट्यानं बोलायचं, त्यांना झोप लागते का, भूक लागते का, जगण्याचा कंटाळा येतो का, कुणाला धोका आहे ते वेळेत ओळखता येईल का, हे शोधायचं. शिकवायला आलेल्या डॉक्टर बाई सारख्या एकच गोष्ट घोळवायच्या, की अशा मृत्यूला कारण एक नसतं. झोप, घर, शाळा, एकटेपण, आजार, सगळं एका ठिकाणी येऊन गाठ बसते. आणि त्या घटकेला कुणी शेजारी येऊन बसलं तर बहुतेकदा ती घटका टळते. ऐकून वर्षाराणीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. कारण एक नसतं म्हणजे शालिग्राम सुटला की! झोप म्हणजे पहाटेचं मार्केट, म्हणजे बाप. शेजारी न बसणं म्हणजे आई, म्हणजे सणालाही अकोल्याहून न येणारी ती स्वतः. नको होतं तिला ते. इतक्या धाग्यांशी भांडण काढता येत नाही, भांडायला माणूस लागतो. तिला एकच माणूस हवा होता, आणि तो आता फाटकाच्या आत, मुख्याध्यापकाच्या खोलीत, पंख्याखाली बसून तिची वाट बघत होता.

"या, या वर्षा मॅडम," ते उठून उभे राहिले. केस पिकलेले, पोट सुटलेलं, कपाळावर अष्टगंध. त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं, ओळखणार कुठून. "सर्वांत आधी मी सही केली मॅडम, माझ्याच मुलीसाठी. नववीला आहे ती, समीक्षा. म्हटलं मुख्याध्यापकच मागे सरला तर पालक काय म्हणतील?" चहा आला. तिनं न राहवून फ्लेक्सचं विचारलं. शालिग्राम सर खुर्चीत पुढे सरकले, आणि शाळेतली भाषा सुटून घरची आली. "लय गोड पोट्टं होतं मॅडम. वाशिमले होतो तवाची गोष्ट. भाजीवाल्याचं पोरगं, पण आवाज असा खणखणीत! मी त्याले परिपाठात भाजी इकाले लावो. सारी शाळा हासे, तो बी हासे. आन् एक दिवस मळ्यात पान लागलं त्याले. गेलं बापा. तवाच ठरवलं, आपल्या हातचं एक बी लेकरू सापानं जाऊ द्याचं नाही. जाईन तिथं हा सप्ताह करतो." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. खोटे नव्हते ते डोळे, आणि हेच तिला सोसेना. त्यानं आठवू नये, त्यानं विसरून जावं, किंवा त्याला रात्री दचकून जाग यावी, काहीही चाललं असतं. पण या माणसाला तो आवाज आवडत होता! तो प्रेमानं आठवत होता! वाक्य तिच्या दातांपर्यंत आलं. पण समोर ऐकायला होतं कोण, तर तो एकटा आणि चहाचे पेले उचलणारा शिपाई. एवढ्यावर ते खर्चायचं? "शेवटच्या तासाला समारोप आहे," सर म्हणाले, "सारी शाळा असते. तुम्ही आमच्या पाहुण्या. दोन शब्द बोला." आणि वर्षाराणीच्या छातीत काहीतरी लख्ख उजळलं. सगळी शाळा. माईक. जसं त्यानं केलं तसंच. ती म्हणाली, "बोलते की सर. अवश्य बोलते."

त्या सकाळभर ती प्रयोगशाळेच्या खोलीत बसून पोरापोरींशी बोलत होती आणि आत त्या शेवटच्या तासाची उजळणी चालली होती. पोरं यायची, स्टुलावर बसायची, लाजायची, झोप लागते म्हणायची, भूक लागते म्हणायची, जायची. मग समीक्षा आली. बापाचं नाक, दोन घट्ट वेण्या, शर्टाच्या बाहीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसलेली. वर्षाराणीनं तिच्याकडे पाहिलं ते आधी त्याची पोरगी म्हणून. घरी कसं वाटतं, तिनं विचारलं. "पप्पा घरी बी सरच असतात," समीक्षा म्हणाली. गणितात ती नापास झाली होती. सरांनी परिपाठाला तिचे मार्क माईकवर वाचले होते, हे पाहा तुमच्या हेडमास्तरची पोरगी, असं म्हणून. शाळा हसली होती. "पप्पा गमतीनं करतेत. मले बी हासा लागते." मग तो प्रश्न आला, जो सगळ्यांनाच विचारायचा असतो आणि ज्याच्या आधी वर्षाराणी नेहमी आवाज खाली आणायची. आपण नसतो तर बरं झालं असतं, असं इतक्यात कधी वाटलं का? पोरीनं खिडकीबाहेर पाहिलं. तिथून फ्लेक्सची मागची बाजू दिसत होती, उन्हात सार्थकचा चेहरा आरपार उमटलेला, उलटा.

"त्याले बरं झालं," समीक्षा म्हणाली.

"कोणाले?" वर्षाराणीच्या तोंडून घरची बोली कधी निघाली तिला कळलंही नाही.

"सार्थकदादाले. पप्पा त्याचं किती चांगलं बोलतेत. डोये भरून येतेत त्यायचे. त्याचे मार्क कोणी इचारत नाही. जिता असता तं त्याले बी पुढं उभं केलं असतं न? मी गेली तं माह्या बी फोटो लावतीन पप्पा. माह्यं बी चांगलंच बोलतीन मंग." ती हे रडत म्हणत नव्हती. घरातली एखादी नेहमीची गोष्ट सांगावी तसं सांगत होती. असं रोज वाटतं का? रोज. सकाळी उठल्याबरोबर, परिपाठाच्या आधी. काही ठरवलं आहेस का? समीक्षानं दोरा बोटावर इतका आवळला की टोक पांढरं पडलं, आणि मान हलवली, हो म्हणून.

वर्षाराणीच्या डोक्यात पहिला शब्द आला तो 'होऊ दे'. कुणी शिकवलेला नव्हता, कुठून उसना आणलेला नव्हता, तिचाच होता, आणि गोड होता. होऊ दे. कळू दे त्यालाही, रिकाम्या घरात ओळखपत्र कसं दिसतं. ओरडू दे त्याला मळ्यात, शाळेत, रस्त्यावर. मग मी जाईन त्याच्या दारात आणि म्हणेन, पान लागलं का हो सर? ती तिथे समीक्षासमोर बसून हे सगळं नीट, चवीनं बघत होती, आणि लाज वाटत नव्हती, हेच तिला नंतर कित्येक दिवस भेडसावत राहिलं. मग समीक्षा म्हणाली, "मॅडम, पप्पाले सांगू नका हां," आणि वर्षाराणीनं तिच्या बोटाकडे पाहिलं. टोक आता निळं दिसत होतं. बोट कुणाचं आहे याचा विचार करायला हाताला वेळ मिळाला नाही. तिनं दोरा सोडवला, बोट चोळलं, पुन्हा लाल होईतो चोळलं. "गुपित नाही ठेवणार मी समीक्षा, खोटं नाही बोलत तुह्यासंग. पण तुले एकटी बी नाही सोडत." आणि मग, जे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, "फोटोचे लाड फोटोले समजत नाहीत बाई. सार्थकले काही बरं-बिरं झालं नाही." पोरगी तिच्याकडे बघतच राहिली. तुम्हाला काय माहीत, असं तिच्या तोंडावर होतं, पण तिनं विचारलं नाही.

खिचडी शिजवणाऱ्या हौसाबाईंना तिनं समीक्षाजवळ बसवलं आणि व्हरांड्यात येऊन संस्थेच्या समुपदेशक सुप्रिया मॅडमना वाशिमला फोन लावला. "मी निघालेच," त्या म्हणाल्या. "तोवर तिला क्षणभरही एकटं सोडू नका. वडिलांना सांगा, पण शांतपणे. आणि त्यांना दोष देऊ नका वर्षाताई. आत्ता ते आपल्याला हवे आहेत." हवे आहेत! फोन ठेवल्यावर तो शब्द तिच्या कानात माशीसारखा घोंगावत राहिला. पलीकडे पटांगणात रांगा लागत होत्या. समारोप लवकर उरकायचा होता, उद्या पंचमीची सुट्टी. टेबलावर नागाचं चित्र, हार, माईक. शालिग्राम सर माईकवर फुंकर मारून बघत होते. म्हणजे तो प्रसंग आला होता, जसा हवा तसाच, तयार, वाढून ठेवलेला. वर्षाराणी पायऱ्या उतरून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांना बाजूला घेऊन, शांतपणे, शिकवलं होतं तसं, समीक्षाबद्दल आणि निघालेल्या सुप्रिया मॅडमबद्दल सांगितलं.

"माझी पोरगी?" ते हसले. "अहो, हसत-खेळत राहते ती. मोबाईलवर पाहून शिकली असंन काहीतरी. तुमी एक करा, काही नाही असं लिहून टाका. तुमच्या मॅडमले फोन करा, येऊ नका म्हणा. गावात बोभाटा व्हईन."

"त्या निघाल्या सर. आणि हे मोबाईलचं नाही."

"मंग तिले आजच्या आज जऊळक्याले मामाकडं धाडतो. चार दिवस राह्यली की डोकं ठिकाणावर येते. एकटी जाते ती एसटीनं." वर्षाराणी नको म्हणाली, एकटीला कुठेच पाठवायचं नाही म्हणाली. तेव्हा ते वैतागले. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि चेहऱ्यावर ते जुनं, मिस्कील, लाडकं हसू आलं. तिनं ते कधी पाहिलं नव्हतं आणि तरी ओळखलं. "काहून इतकं टेन्शन घेऊन राह्यल्या तुमी? थांबा. आत्ता बोलावतो तिले इथं. साऱ्या शाळेसमोर इचारतो, काय नाटक लावलं म्हणून. हसण्यावारी नेलं की निंघून जाते हे." आणि त्यांनी माईक तोंडाशी नेला. "समीक्षा," पटांगणभर आवाज घुमला, "कुठी हायेत आपल्या मॅडम?" रांगांमधून हसू फुटायला लागलं, आधी पुढून, मग मागून.

वर्षाराणीनं माईकवर पंजा ठेवला. इतकी वर्षं तिनं या घटकेसाठी माईक मागितला होता, आणि आता तो हाताखाली होता आणि ती तो दाबून बंद करत होती, सगळ्या शाळेला ऐकू जाऊ नये म्हणून. सरांच्या अंगाला अत्तराचा वास होता. ती त्यांच्या इतक्या जवळ उभी होती की आवाज चढवायची गरजच नव्हती. "सर, सार्थकले साप चावला नव्हता."

"काय?"

"मी त्याची मोठी बहीण. पान-बिन काही लागलं नव्हतं त्याले. आपल्या हातानं गेला तो. त्या दिवशी परिपाठाले त्याचा आवाज निंघाला नाही. तुमी म्हटलं, माल संपला वाटते. सारे हासले. दुसऱ्या दिवशी तो नव्हता." आता राहिलं होतं ते दोन शब्दांचं शेपूट. तुम्ही चावलात. ते म्हणायच्या आधी तिनं मान वर केली, त्यांचा चेहरा बघायला. जो बघण्यासाठी ती इतकी वर्षं जगली होती. आणि चेहरा तिच्या मनात व्हायचा तसाच होत होता. आधी फिका पडला. मग सुटला. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं, नागाकडे, सार्थककडे, रांगांकडे, ओठ हलले, अष्टगंधाच्या रेषेवरून घामाचा ओघळ उतरला. आता ते वितळतील, आता गुडघे टेकतील, आता मला माफ करा म्हणतील, आणि मी नाही म्हणेन. नाही कसं म्हणायचं तेही ठरलेलं होतं. पण ते तसं काहीच म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "समीक्षा कुठी हाये?" आणि माईक तिच्या हातात तसाच सोडून प्रयोगशाळेकडे धावले.

ती मागोमाग गेली तेव्हा ते दाराबाहेर उभे होते. आत हौसाबाई आणि समीक्षा बाकावर बसल्या होत्या. सरांनी चौकट धरली होती. त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि या माणसानं तिला विचारलं, हळू, एखाद्या पोरानं मास्तरला विचारावं तसं, "मी आत जाऊ का? काय म्हणू तिले?" वर्षाराणीला वाटलं, म्हणावं, मला काय विचारता, विचारा त्याला फाटकावर. पण हाताशी एकच उत्तर होतं आणि ते डॉक्टर बाईंच्या त्या वाक्याच्या उरलेल्या अर्ध्यातलं होतं, जे ती कधी नीट ऐकत नसे. "काही म्हणू नका," ती म्हणाली. "मार्क नको, नाटक नको, समजावणं नको. जवळ जाऊन बसा. ती बोलली तर ऐका. नाही बोलली तरी बसा. उठू नका." ते आत गेले. बाकाच्या टोकाला, अंग चोरून बसले. समीक्षा आधी दूर सरकली. ते तसेच बसून राहिले, दोन्ही हात मांडीवर ठेवून. बऱ्याच वेळानं त्यांच्या तोंडून निघालं, "चुकलं माह्यं, बाई." पोरगी रडायला लागली तेव्हाही ते उठले नाहीत. वर्षाराणी दारात उभी राहून हे बघत होती आणि तिचा जीव जळत होता. कुणी शिकवलं नाही हे माझ्या बापाला. कुणी कुणाला सांगितलं नाही. आणि मी हे शिकवलं कुणाला, तर याला!

सुप्रिया मॅडम आल्या, दार लोटून बसल्या, समीक्षाच्या आईला बोलावून घेतलं, आणि ऊन कलायच्या आत सगळे एका गाडीतून वाशिमला डॉक्टरांकडे गेले. समारोप झालाच नाही. पोरं खिचडी खाऊन हुंदडत घरी पळाली. परतीच्या एसटीत वर्षाराणी खिडकीशी बसली आणि खिसे चाचपावेत तसं मनातलं चाचपू लागली. काय मिळालं? वाक्य सुटलं होतं, पण अर्धं. आणि जे अर्धं सुटलं ते त्याला मारायच्या कामी आलंच नाही, त्याच्या पोरीला वाचवायच्या कामी आलं. सार्थकचं मरण, जे तिनं कुणाला हात लावू न देता जपून ठेवलं होतं, ते तिनं शालिग्रामच्या पदरात औषधासारखं ओतलं होतं. लुटलं कुणी तिला? स्वतःच तर दिलं. तुम्ही चावलात, तुम्ही चावलात, ती चाकांच्या तालावर म्हणत राहिली, पण त्या दोन शब्दांना आता धार राहिली नव्हती. तुम्ही म्हटलं की त्यांचं ते अंग चोरून बसणं दिसायचं, आणि त्याच्या बाजूला, तिला नको असताना, आणखी कितीतरी रिकामी बाकं दिसायची, ज्यांवर कुणीच येऊन बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. ती मळ्यावर गेली तेव्हा बेबीबाई वारुळाशी दूध आणि लाह्या ठेवून आली होती, चंपत धुऱ्यावर बसला होता, आणि मेथी कापणीला आली होती, अगदी आजच कापावी अशी, हिरवीगार. सुप्रिया मॅडमचा फोन येऊन गेला होता. समीक्षा झोपली रात्री, औषध सुरू झालं, वडील तिच्या खोलीच्या दाराशी बसून होते. वेळ लागेल, त्या म्हणाल्या, पण लागू दे. वर्षाराणीनं कुडाला खोचलेला विळा काढला आणि वाफ्यात उतरली. पहिली मूठ कापली तशी मेथीचा वास उठला, सार्थकच्या बोटांचा. "अवो माय!" बेबीबाई ओरडली, "काय करून राह्यली? आज पंचमी हाये!"

"असू दे."

"कोप होते पोरी. इळा ठेव खाली."

"कोणाचा कोप, आई?" वर्षाराणी कापतच राहिली. "साप नव्हता. तुले माहीत हाये, बाबाले माहीत हाये, मले माहीत हाये. नव्हता साप." चंपत धुऱ्यावरून अर्धवट उठला आणि तसाच पुन्हा बसला. मग तिनं सगळं सांगितलं, फाटकावरचा फ्लेक्स, माईक, समीक्षा, सगळं, विळा न थांबवता, कारण थांबवला असता तर बोलणं जमलं नसतं. बेबीबाई वाफ्याच्या काठाशी येऊन उभी राहिली. पदर तोंडाशी, डोळे कोरडे.

"सांगतलं त्याले?" तिनं विचारलं.

"सांगतलं."

"मंग? काय म्हणे तो?"

"काही नाही म्हणे. पोरीपाशी जाऊन बसला."

चंपत हळूहळू येऊन बांधावर उकिडवा बसला आणि कापलेल्या मेथीची जुडी बांधू लागला, बोटं सवयीनं चालत होती. "तो शाळेतून आला होता त्या दिवशी," बेबीबाई म्हणाली. "इथंच बसला होता, या बांधावर. मी म्हटलं, काय झालं रे? तो म्हणे, काही नाही. मी म्हटलं, काही नाही तं मंग जुड्या बांध. आन् मी गेली पाणी फिरवाले." तिनं बांधावरच्या त्या जागेकडे पाहिलं. "तो बसला पोरीपाशी. आपुन नाही बसलो वो माय."

वर्षाराणीचा विळा थांबला. तिला वाटलं, आई म्हणेल, आता त्या माणसाला सोडू नको. तसं म्हटलं असतं तर तिला फार बरं वाटलं असतं. पण बेबीबाईनं पदर खोचला, चपला काढल्या, वाफ्यात उतरली आणि हात पुढे केला.

"दे इकडं इळा," ती म्हणाली. "तुले नाही कापता येत. मुळासकट उपटून राह्यली तू."